माझा अनुभव: स्वयंचे क्रेडिट गुणपत्रिकेवर चढवताना

स्वयं (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ) वरचा एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएससीचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) बारा आठवड्यांचा कोर्स करणं सोपं होतं. त्याचे ३ क्रेडिट (श्रेयांक) कॉलेजच्या गुणपत्रिकेवर यायला मात्र एक अख्खं सत्र गेलं. अजून आठवलं की चिडचिड होते.

नोंदणी, व्हिडिओ, नोट्स सगळं मोफत. पैसे फक्त परीक्षेचे, माझ्या वेळी १००० रुपये. पण कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. तो वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी.

अडलं ते परीक्षा विभागात. प्रमाणपत्र पुढे ठेवलं, तर उत्तर आलं, "हा कोर्स आमच्या यादीत नाही." यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून घेता येतात (२०१६च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती). पण कुठले कोर्स चालतील, हे संस्थेने आधी मंजूर करावं लागतं. खिडकीवरच्या माणसाकडे फक्त ती यादी असते, नियम दाखवून त्याचा काही उपयोग होत नाही. माझ्याकडे विभागप्रमुखांची तोंडी परवानगी होती. तिला तिथे काडीची किंमत नव्हती. मंजुरी पुढच्या बैठकीत मिळणार होती आणि ती बैठक व्हायला आठवडेच्या आठवडे गेले.

दुसरी अडचण क्रेडिटची. चार आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिटचा, आठचा २, बाराचा ३. ज्या पेपरच्या बदली मी हा कोर्स घेतला, तो होता ४ क्रेडिटचा. "तीन धरले तर चौथ्याचं काय?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शेवटी मी चार आठवड्यांचा आणखी एक कोर्स केला, तेव्हा बेरीज जमली. हे आधी कोणी सांगितलं असतं, तर दोन्ही एकाच सत्रात झाले असते.

म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी लेखी अर्ज द्या. कोर्सचा कोड, आठवडे, क्रेडिट आणि तो कुठल्या पेपरच्या बदली घेताय ते स्पष्ट लिहा, सोबत अभ्यासक्रमाची छापील प्रत जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. पुढे सगळं याच कागदावर चालतं.

नावाचंही बघा. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे जिथे आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) आधारवरून निघतो, तेव्हा तिथे नाव आधारप्रमाणे आणि कॉलेजच्या यादीत आडनावापासून, असं होतं. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच हे जुळवून घ्या, कारण त्यातलंच नाव प्रमाणपत्रावर छापून येतं.

गुणांचं राहिलंच. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारापैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. असाइनमेंटला २४ आणि परीक्षेत २९ पडले, तर बेरीज ५३ होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही.

गुणपत्रिका हातात पडली की खिडकीवरून हलायच्या आत क्रेडिटचा रकाना वाचा. माझ्या पहिल्या प्रतीत कोर्सचा कोड बरोबर होता आणि क्रेडिटच्या जागी शून्य. शिक्क्याची प्रत पिशवीतच होती, ती दाखवली आणि त्याच दिवशी दुरुस्ती झाली.