डाव्या हाताचे दिवस

आमच्या घरातली कात्री उजव्या हाताची आहे हे मला वयाच्या ५२व्या वर्षी कळलं. दुधाची पिशवी कापायला गेले तर ती दोन पात्यांच्या मधे नुसती दुमडली. आधी वाटलं धार गेली. नवऱ्याने घेतली आणि कचकन कापली. मग मी कात्रीकडे बघत बसले, दुसरं काम तरी काय होतं म्हणा.

झालं होतं असं की माळ्यावरचा डबा काढताना स्टूल सरकलं, मी खिडकीचा गज धरला आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. नंतर दोन महिने मी "फ्रोझन शोल्डर असेल, या वयात होतोच" म्हणत तेल चोळत राहिले. शेवटी एमआरआय केला तर सुप्रास्पायनेटस नावाचा प्राणी हाडावरून सुटलेला. खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवायला चार स्नायू असतात, त्यातला हा वरचा. खोबण एकदम उथळ, म्हणजे बशीत लिंबू ठेवावं तशी, म्हणून तर हात एवढा गोल फिरतो आणि म्हणूनच चटकन दुखावतोही. दुर्बिणीने ऑपरेशन झालं, हाडात छोटे अँकर ठोकून स्नायू परत शिवला. बाहेरून दिसतात फक्त तीन-चार भोकं, त्यामुळे भेटायला आलेल्यांचा जरा हिरमोडच होतो. "एवढंच?" असं एक मावशी खरंच म्हणाल्या. त्यांना काय सांगू, पहिले कित्येक तास हात बधिर, शेजारी कोणाचा तरी हात आणून ठेवल्यासारखा, आणि मग रात्री तीनला ब्लॉक, म्हणजे हात बधिर करायला दिलेल्या इंजेक्शनचा असर, उतरला तेव्हा तो माझाच आहे हे नीट कळलं.

मग सहा आठवडे स्लिंग, काखेत उशी. झोपायचं ते सुद्धा अर्धवट बसून, मागे चार उशा रचून, लांबच्या एसटी प्रवासात झोपतो तसं. पण खरी गंमत जेवणाची. पोळी एका हाताने तोडता येणं ही कला आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, तर्जनीने दाबायचं, अंगठ्याने ओढायचं, डाव्याला यातलं काहीच येत नाही. पोळी ताटभर फिरते. भाकरीचं तर नावच काढू नका.

त्यात यवतमाळहून आई आलेली. तिच्या हिशोबात डाव्या हाताची कामं ठरलेली आहेत, ती कुठली ते मी लिहीत नाही. आता तोच हात ताटात बघून ती पहिले दोन दिवस तोंड फिरवून बसायची. मी म्हटलं अगं डेटॉलने धुतलाय. तर म्हणे, "डेटॉलनं डावा उजवा होते का वं?" श्रावणी सोमवारचा प्रसाद आला, मी हात पुढे केला, तिने स्वतःचा मागे घेतला. "आ कर." आणि साखरफुटाणे सरळ तोंडात टाकले, मांजराच्या पिल्लाला भरवावं तसे. प्रत्येक सोमवारी हेच.

वेणी नवऱ्याकडे गेली. इंजिनीअर माणूस, यूट्यूबवर बघून घातली. पहिली दोरखंडासारखी, दुसरी सुटली, तिसरी जमली पण कानाच्या वर सुरू झालेली. तशीच मी फिजिओकडे गेले, कोणी काही बोललं नाही. फिजिओने पेंड्युलम शिकवला, म्हणजे ओट्याला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा नुसता लोंबकळत सोडायचा. हात हलवायचा नाही, अंग हलवायचं, त्याच्या झोक्याने हात आपोआप गोल फिरतो. ऐकायला सोपं आहे. मला स्वतःचा हात सोडून देता यायला तीन दिवस लागले, तो सारखा मदतीला यायचा.

पाचवा आठवडा संपता संपता पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात, वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद आणि तूप (हल्ली तेलच) लावून, आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. पुण्यात चौथ्या मजल्यावर बैल कुठला. पण संध्याकाळी आई वाटीत हळद-तेल कोमट करून माझ्यासमोर येऊन बसली. मी ओरडलेच, ऑपरेशनच्या खांद्याला नको हं, फिजिओ मारेल मला.

"त्याले कोन हात लावून राह्यलं? त्यानं काय केलं महिनाभर? हा इकडचा दे."

आणि डावा खांदा चोळायला लागली. तो खरंच ठणकत होता, मी कोणाला बोलले नव्हते. चोळता चोळता पुटपुटली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गाऊनवर पिवळाधमक डाग.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला. मी सवयीने आ करून बसले. आईने नैवेद्यातला तुकडा उचलला, माझ्या तोंडापाशी आणला, जरा थांबली आणि म्हणाली, "हात कर."

कुठला, ते मी विचारलं नाही.