गिधाडांमागे कोठ्याकोठ्यांतून

गुरुवार, रात्री

आज जंगलात पाऊल पडलं नाही. सगळा दिवस गावातल्या कोठ्यांत, म्हणजे गुरांच्या गोठ्यांत गेला. गिधाडांवर लक्ष ठेवायचं तर आता असेच दिवस जास्त येणार.

सकाळी टॅग लावलेल्या एका गिधाडाचं लोकेशन कालपासून हललेलं नव्हतं. पाठीवरचा टॅग उन्हावर चालतो, आभाळ असलं की माहिती उशिरा येते, म्हणून लगेच वाईट धरू नये. मन मात्र धरतंच. गाडी काढली. ताडोबाच्या बफरमधल्या एका गावाबाहेर, धानाच्या बांधीतल्या कहूच्या झाडावर ते बसलं होतं. दुर्बिणीतून मी आधी मान बघते, कारण विषबाधा झालेलं गिधाड मान खाली टाकून बसतं. याची मान ताठ होती. गळ्याखालची पिशवी टम्म फुगलेली, चोचीवर रक्त वाळलेलं. पोटभर खाल्लं की गिधाड असंच बसून राहतं. हायसं वाटलं, आणि लगेच पोटात गोळा आला. खाल्लं ते काय?

ढोरफोडीवर, म्हणजे मेलेली ढोरं टाकतात त्या जागी, अर्धा उरलेला बैल दिसला. विचारत विचारत मालकाचं घर गाठलं.

"काकाजी, मरायच्या आधी त्याले सुई देल्ली होती का?"

"देल्ली ना बाई. दोन रोज उठून नाही राहिला होता, तं डॉक्टरले बलावलं."

कोनाड्यातून त्यांनी रिकामी बाटली काढून दिली. शेणाच्या धुळीने लेबल माखलेलं. ओढणीने पुसलं, उजेडात धरलं. मेलोक्सिकॅम! गिधाडाला न बाधणारं वेदनाशामक. मी तिथेच खाटेवर बसले.

डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक असतं तर? ते टोचलेलं ढोर लवकरच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी होतात. याच औषधापायी लांब चोचीची गिधाडं नव्वदच्या दशकापासून 2007 पर्यंत शंभरातली 97 संपली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तर माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जाऊ लागल्या. 2015 मध्ये त्या 3 मिलीवर आणाव्या लागल्या. 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही गिधाडांना बाधणारी वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. एक पक्षी गेला तर भरून निघायला किती वर्षं लागतील!

जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून 10 गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली. पुढे मोकळं सोडल्यावर त्यातलं एक थेट तामिळनाडूत पोचलं. त्यांना आपली हद्द काय कळणार? वाटेतल्या प्रत्येक गावात कोणती सुई चालते, यावर त्यांचा जीव आहे.

काकाजी सांगत होते, "आमच्या लहानपणी ढोर मेलं का आभायातून उतरत. दुपारपावतर नुसते हाडं." सांगताना त्यांचा हात वर आभाळाकडे गेला. पुन्हा ढोर दगावलं तर ओढून नेण्याआधी मला फोन करीन म्हणाले.

उद्या आधी त्या डॉक्टरांना भेटायचं. मग तालुक्याच्या मेडिकलमध्ये.