सकाळची आघाडी म्हणजे निकाल नव्हे

महाराष्ट्र विधानसभेसाठी 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान, 23 ला मोजणी. 288 जागांत बहुमताला 145 लागतात. महायुतीतला भाजपच एकटा 132 वर गेला, सोबतची शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. सत्तेचा प्रश्न तिथेच मिटला. खरी गंमत मालेगाव मध्यसारख्या ठिकाणी, जिथे फरक अवघा 162 मतांचा.

मोजणी आठला टपाली मतांपासून सुरू होते, अर्ध्या तासाने मतदान यंत्रं. साधारण 14 टेबलं, म्हणजे एका फेरीत 14 मतदान केंद्रं. केंद्रं क्रमाने येतात, त्यामुळे पहिल्या फेऱ्या एकाच पट्ट्यातल्या असू शकतात. सकाळच्या आघाडीवर गुलाल उधळणारे इथेच फसतात!

उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधीने 17-सी नमुन्याची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत हातात ठेवावी. आधी सील आणि कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, मग एकूण मतं जुळवायची. मतदानाआधीची चाचणी मतं पुसायची राहिली की आकडा जुळत नाही. ते यंत्र बाजूला ठेवतात. शेवटी चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट पावत्या, म्हणजे मत दिल्यावर छापल्या जाणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजतात. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधीच, कारणांसह लेखी अर्ज द्यायचा. नुसती आरडाओरड चालत नाही.