नव्व्याण्णव रात्रींची नोटीस

सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना थोड्या दिवसांकरिता घर भाड्याने देणाऱ्या मालकांची नोंदणी, कर आणि तपासणी यांची कागदपत्रे मी तयार करून देतो. नोटीस आलेला मालक नियम चुकवणाराच असणार, असा समज सर्रास आढळतो आणि तो अन्यायकारक आहे. एका प्रकरणातील घरमालकीण बाईंनी तर प्रत्येक बुकिंग वहीत नोंदवले होते. तरीही संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रींहून अधिक दिल्याबद्दल त्यांना नोटीस आली होती.

त्यांची जाहिरात दोन संकेतस्थळांवर होती. एकावर ५८ रात्री भरल्या, दुसऱ्यावर ४१. प्रत्येक संकेतस्थळ फक्त स्वतःकडची बुकिंगे मोजते, त्यामुळे इशारा कुठूनच मिळाला नाही. मर्यादा मात्र घराला लागू होती आणि बेरीज ९९ होत होती. अशी मर्यादा अनेक ठिकाणी आहे. लंडनमध्ये नियोजन परवानगीशिवाय संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रीच देता येते, तर जपानमध्ये २०१८ साली अमलात आलेल्या कायद्याने १८० दिवस ठरवून दिले आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमावलीनुसार तर संकेतस्थळांनी घराचा नोंदणी क्रमांक आणि दिलेल्या रात्री शासनाला कळवायच्या आहेत, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकाच क्रमांकाखाली जमा होणार.

वही वाचताना १४ रात्रींपुढे ‘मी घरीच’ असा शेरा दिसला आणि प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोप्रमाणे त्या बाईंच्या शहरातही मालक घरात राहत असताना दिलेली खोली या मर्यादेत धरली जात नव्हती. अडचण अशी की जाहिरातीत सर्वत्र ‘संपूर्ण घर’ असेच लिहिलेले होते, आणि स्वतःच्या वहीतला शेरा पुरावा म्हणून अपुरा पडतो. म्हणून आम्ही पाहुण्यांशी झालेला पत्रव्यवहार एकेक करून तपासला. मालकीण शेजारच्या खोलीत असतील, स्वयंपाकघर सामाईक वापरावे लागेल, असे बुकिंगपूर्वीच कळवल्याचे संदेश ११ रात्रींसाठी सापडले. उरलेल्या तीन रात्रींचाही दावा करावा का, असे मी विचारले, तेव्हा जे दाखवता येत नाही ते मागायचे नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. तो निर्णय मला नैतिकदृष्ट्या आणि व्यवहारदृष्ट्याही योग्य वाटला, कारण एक कच्चा दावा बाकीच्या पक्क्या दाव्यांवर संशय ओढवतो.

उत्तरात आम्ही ८८ रात्रींचा तारीखवार तक्ता, संदेशांच्या प्रती आणि दुरुस्त केलेल्या जाहिराती जोडल्या. मर्यादाभंगाचा आक्षेप मागे घेण्यात आला. खोली आणि संपूर्ण घर यांची नोंद यापुढे स्वतंत्र ठेवावी, अशी लेखी सूचना मात्र मिळाली. तेव्हापासून नव्या मालकांकडून मी नोंदणीपत्राबरोबरच सर्व संकेतस्थळांची एकत्रित दिनदर्शिका पहिल्याच भेटीत मागून घेतो.