गींगेनचा हत्ती आणि पाठमोरे ठेवलेले शिलाई मशीन

आमच्या घरी आजीचे हातमशीन अजून चालू स्थितीत आहे. त्याचे चाक उजव्या हाताने फिरवायचे आणि डाव्या हाताने कापड सरकवायचे, हे मी लहानपणीच शिकले. त्यामुळे जर्मनीतील गींगेन या गावच्या, श्टाइफ या खेळण्यांच्या कंपनीच्या संस्थापक मार्गारेटे श्टाइफ यांच्याविषयी वाचताना एका तपशिलापाशी मी फार वेळ थांबले. १८४७ साली जन्मलेल्या मार्गारेटे यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, त्यात दोन्ही पाय कायमचे लुळे पडले आणि उजवा हातही दुबळा झाला. त्या हाताने चाक फिरवणे जमेना, म्हणून त्यांनी मशीनच पाठमोरे करून ठेवले, म्हणजे चाक डाव्या हाताशी आले. मी एका दुपारी तसे करून पाहिले. कापड दूर जाण्याऐवजी अंगावर येऊ लागते आणि सरळ शिवण धरण्यासाठी बोटांना सगळे नव्याने शिकावे लागते. मार्गारेटे यांनी त्याच पद्धतीने पोट भरण्याइतके काम केले आणि १८७७ मध्ये फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, तयार कपड्यांचे स्वतःचे दुकान काढले.

खेळणी करावीत असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते. फॅशनच्या एका मासिकात आलेल्या नमुन्यावरून १८८० साली त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचून ठेवण्यासाठी. पण ज्या घरी तो गेला, तेथे मुलांनी तो टाचण्यांकडे राहू दिला नाही. हत्तीमागून इतर प्राणीही आले आणि १८९३ मध्ये फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून या उद्योगाची रीतसर नोंद झाली. भाऊ फ्रिट्झ पहिल्यापासून पाठीशी होता. पुढे त्याची मुले एकामागून एक आत्याच्या हाताखाली कामाला लागली.

त्यांतला रिखार्ड चित्रकलेचे शिक्षण घेतलेला होता. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून तो अस्वलांची रेखाटने करीत असे. १९०२ मध्ये त्याने अंगोरा शेळीच्या लोकरीच्या मऊ कापडाचे, हातपाय हलवता येतील असे अस्वल तयार केले. त्याचे नाव होते '५५ पीबी': ५५ सेंटीमीटर उंची, पी म्हणजे प्लश, हे लवदार कापड, आणि बी म्हणजे 'बेवेगलिख', जर्मनमध्ये हलणारे. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्याने अशी ३,००० अस्वले मागवली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. अमेरिकेत तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या अस्वलाच्या शिकारीवरचे व्यंगचित्र गाजले होते आणि त्यांच्या 'टेडी' या नावाने खेळण्यातली अस्वले ओळखली जाऊ लागली होती. १९०७ साली गींगेनमधून सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वले बाहेर पडली. एवढ्या कामासाठी कारखान्यातील ४०० माणसांबरोबर सुमारे १,८०० जण आपापल्या घरी बसून शिवत होते.

शिवणाऱ्यांना उजेड लागतो, हे या कुटुंबाला कोणी सांगायला नको होते. १९०३ मध्ये त्यांनी पोलादी सांगाडा आणि दुहेरी काचेच्या भिंती असलेली इमारत उभारली. त्या काळी हे इतके नवलाचे होते की आतल्या तरुण कामकरी मुलींमुळे गावकरी तिला 'कुमारिकांचे मत्स्यालय' म्हणू लागले. नकला वाढल्या, तेव्हा फ्रान्झ या पुतण्याने १९०४ मध्ये प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचे बटण ठोकण्याची कल्पना काढली. सुरुवातीच्या बटणावर हत्तीच होता, याचा मला फार आनंद वाटतो. 'मुलांसाठी उत्तम तेच पुरेसे चांगले' हे मार्गारेटे यांचे बोधवाक्य होते आणि ते बटण म्हणजे त्याची खूण होती, असे मी मानते. १९०९ मध्ये त्या वारल्या. कारभार पुतण्यांनी पुढे नेला.

अलीकडच्या काळात कंपनीने काही उत्पादन चीनमध्ये हलवले होते, पण दर्जा आणि वाहतुकीचा वेळ यांमुळे २००८ मध्ये ते परत आणण्याचे ठरवले. मला हा निर्णय मनापासून पटतो. गेल्या महिन्यात मी भाचीसाठी करड्या फेल्टचा हत्ती शिवला. डोळा नुसता एक दोराभर वर बसला, तरी त्याचा चेहरा भेदरलेला दिसत होता. म्हणून तो उसवला, पुन्हा बसवला आणि तिसऱ्या खेपेला हत्ती शांतपणे माझ्याकडे पाहू लागला.