जुलाब लावणारं विष लशीत कशाला?

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत पण नाही, वर नुसता चिकटून बसतो आणि विष सोडतो, पुढचा सगळा धिंगाणा त्या विषाचा. हे पक्कं कळलं ते शंभूनाथ डे या शास्त्रज्ञामुळे, १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी दाखवलं की जंतू गाळून टाकले आणि नुसतं उरलेलं पाणी सशाच्या आतड्यात सोडलं तरी आतडं टम्म फुगतं. शुद्ध केलेलं हे विष ५ मायक्रोग्रॅम जरी पोटात गेलं तरी धडधाकट माणसाला जुलाब सुरू होतात, आणि गंमत म्हणजे लशीचा असर वाढवणाऱ्या सगळ्यात तगड्या पदार्थांमध्ये याचंच नाव येतं!

आता बघा, आपण रोज जे खातो ते सगळं शरीराला परकंच की, पण इम्युनिटी त्याच्यावर तुटून पडत नाही, आतड्याला मुळात दुर्लक्ष करायचीच सवय असते आणि म्हणूनच एखादं प्रोटीन नुसतं गिळून लस होत नाही. १९८४ मध्ये चार्ल्स एल्सन यांच्या टीमने उंदरांना एक परकं प्रोटीन कॉलरा टॉक्सिनसोबत, म्हणजे याच विषासोबत, खायला दिलं, तर ते दुर्लक्ष करणं मोडलं आणि चक्क त्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या, आतड्यात पण आणि रक्तात पण.

हे होतं कसं? या टॉक्सिनचे दोन भाग. पाच बी तुकड्यांचं एक कडं असतं, ते पेशीवरच्या जीएम१ नावाच्या रेणूला घट्ट धरतं, आणि मग ए भाग आत शिरून सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप्या रेणू, वाढवत सुटतो. आतड्याच्या पेशीत हे झालं की मीठ-पाणी बाहेर, म्हणजे जुलाब. पण डेंड्रिटिक सेल, म्हणजे शत्रूचा तुकडा टी सेलला (इम्युनिटीच्या लढाऊ पेशींना) नेऊन दाखवणाऱ्या पेशी, त्यांच्यात हेच झालं की त्या खडबडून जाग्या होतात. म्हणजे त्रास आणि फायदा दोन्ही बऱ्यापैकी एकाच खटक्यावर, हीच तर खरी पंचाईत आहे.

ई. कोलाय नावाच्या आतड्यातल्या जंतूचं एलटी टॉक्सिन याचंच भावंड, रचना जवळपास ८०% सारखी. ते घालून स्वित्झर्लंडमध्ये नाकात मारायची फ्लूची लस आली होती, २०००-०१ च्या सीझनला. नाकातून दिलं तर जुलाबाचा प्रश्नच नाही, आयडिया भारीच होती, पण लस घेतलेल्या काही लोकांचा अर्धा चेहरा लुळा पडायला लागला, बेल्स पाल्सी म्हणतात तो, आणि लस मागे घ्यावी लागली. जीएम१ नर्व्हच्या पेशींवर पण भरपूर असतो, आणि नाकाच्या आसपास नर्व्हच नर्व्ह. नंतर एलटीचा विषारीपणा काढलेला एक प्रकार नाकातून देऊन बघितला तर त्यातही दोघांना तोच त्रास झाला, त्यामुळे माझं स्पष्ट मत, या फॅमिलीला नाकापासून लांबच ठेवा.

तोंडावाटे मात्र गोष्ट वेगळी दिसते. डीएमएलटी नावाचा जो प्रकार आहे त्यात एलटीच्या ए भागातले फक्त दोन अमिनो अ‍ॅसिड बदललेत, १९२ आणि २११ नंबरचे, तेवढ्याने विष भयंकर कमी होतं पण इम्युनिटीला डिवचायचं काम चालू राहतं. बांगलादेशात जुलाबाच्या ई. कोलायविरुद्धच्या लशीबरोबर लहान मुलांना तो तोंडावाटे देऊन झालाय आणि अगदी छोट्या बाळांमध्ये फायदाही दिसला. मला तरी यातच सगळ्यात जास्त दम वाटतो.

आणि कोणाला 'लशीत जंतूचं विष' ऐकूनच कसंतरी होत असेल तर सांगतो, दंडात घ्यायच्या लशींमध्ये ते कधीच आलंय. साल्मोनेला या जंतूच्या एंडोटॉक्सिनची, म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या विषाची, धार बोथट करून एमपीएल बनवतात, नागिणीवरच्या शिंग्रिक्समध्ये ते आहे आणि मलेरियाच्या आरटीएस,एस मध्ये पण. शिंग्रिक्स घेतल्यावर दंड ठणकतो, अंग मोडून येतं, त्यात या एमपीएलचाही हात असतो.