इंग्लंडातले ओले शब्द

"मावशी, 'मशी' म्हणजे नेमकं काय गं? वाटाणे की प्रेमपत्र?" दादरच्या घरी परवा भाचीनं विचारलं. ती सप्टेंबरात शिकायला इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सला, माझ्याकडेच येणार आहे. उत्तर इतकं लांबलं की म्हटलं, लिहूनच काढावं. तिच्यासारखी बरीच मुलं यंदा निघाली असतील.

दोन्ही, हे उत्तर. आधी वाटाणे. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानात तळलेल्या माशासोबत वाटीत हिरवा लगदा मिळतो, तो मशी पीज. मॅरोफॅट जातीचे टपोरे वाळलेले वाटाणे रात्रभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवतात आणि सकाळी धुऊन मंद आचेवर शिजत ठेवतात. सालं सुटतात, दाणे फुटतात, पळी फिरवली की सगळं एकजीव होतं. आपल्या रगड्याचा हा बिनफोडणीचा भाऊ. थंडीत गरम गरम खायला छान लागतो आणि तिथली माणसं तो प्रेमानं खातात. पण हाच 'मशी' एखाद्या पत्राला किंवा सिनेमाला लावला, की त्याचा अर्थ होतो: भावना इतकी शिजवली आहे की दाणाच उरला नाही.

इंग्रजीत भावनेचा अतिरेक सांगायचा तर बहुतेक वेळा असंच काहीतरी ओलं, चिकट नाहीतर गोडमिट्ट पुढं येतं. 'सॉपी' म्हणजे मुळात चिंब भिजलेलं. 'सॉप' हा रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा. 'स्लशी' म्हणजे रस्त्यावर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल. 'श्मॉल्ट्झी' यिद्दिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आला. श्मॉल्ट्झ म्हणजे ज्यू घरांतली कोंबडीची वितळवलेली चरबी. 'सॅकरिन' तर आपल्या घरचाच. 1879 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्गला जो कृत्रिम गोड पदार्थ सापडला त्याचं हे नाव, पण लॅटिन आणि ग्रीकमधून मागं मागं गेलं की हा शब्द 'शर्करे'पाशी येऊन थांबतो. आपल्याकडं आनंदाच्या बातमीला तोंडात साखर पडो म्हणतात. तिथं पोचेपर्यंत त्या साखरेचा अर्थ खोटं, जास्तीचं गोड असा झाला.

या घराण्यात दोन शब्द फार कडक आहेत, ते भाचीला मुद्दाम वेगळे सांगितले. 'मॉडलिन' हा येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्या नावावरून आलेला. जुन्या चित्रांत ती रडताना दाखवलेली असते. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजचा उच्चारही 'मॉडलिन'च करतात. दारू चढल्यावर जुन्या आठवणी काढून मुळूमुळू रडणाऱ्याला हा शब्द हमखास लागतो. 'मॉकिश' त्याहून वाईट. त्याच्या मुळाशी 'मॉक' म्हणजे अळी आहे, आणि पूर्वी तो मळमळ आणणाऱ्या चवीलाही वापरत. समीक्षेत तो चालतो. कुणाच्या लग्नातल्या भाषणाला लावायचा नाही.

माझं मन अडतं ते 'वेट' या साध्या शब्दापाशी. तिथं एखाद्या माणसाला 'वेट' म्हटलं की तो लेचापेचा, कणा नसलेला. 1980 च्या आसपास ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारात खर्चकपातीवर कुरकुर करणाऱ्या मंत्र्यांना 'वेट्स' म्हणत, आणि बाईंच्या बाजूचे ते 'ड्राय'. त्या ओल्यांपैकी इयान गिल्मर यांना 1981 मध्ये मंत्रिमंडळातून काढलं. आपल्याकडं या जागी 'मवाळ' होता. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा जहाल एका बाजूला, मवाळ दुसऱ्या. त्या मवाळांचे पुढारी फिरोजशहा मेहता आजही मुंबई महापालिकेसमोर पुतळ्याच्या रूपात उभे आहेत. जहालांच्या तोंडी 'मवाळ' ही टीकाच होती, हे खरं. पण मऊपणाला नावं ठेवणाऱ्यांनीही 'ओले' असं कुणाला हिणवलं नाही, आणि स्वतःला 'कोरडे' म्हणवून घ्यायला तर कुणीच तयार झालं नसतं. मराठीत कोरडं बोलणं हा दोष आहे. माया असते तिथं ओलावा असतो, मनाला पाझर फुटतो, ऊर भरून येतो. मला वाटतं, पावसाची वाट बघणाऱ्या मुलखाला ओल ही कृपा वाटते. जिथं वर्षभर भुरभुर चालते आणि भिंतींना बुरशी धरते, तिथं ती कटकट असते.

मागच्या आठवड्यात माझ्या मोठ्या बहिणीचा शाळेत निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं आणि शिपाईमामा बोलायला उभे राहिले. "बाईंनी माझ्या पोरीची फी..." इतकंच बोलले आणि त्यांचा गळा दाटला. ते थांबले. सभागृहही थांबलं. मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला पुढं केला, एवढंच. लीड्सला आमच्या ऑफिसात मार्गारेट निवृत्त झाली तेव्हा तिचेही डोळे असेच भरले, पण ती पहिल्यांदा "सॉरी" म्हणाली. मग आणखी एकदा. रडू आल्याची माफी. मला ते ऐकवेना, मी तिचा हात धरून उभी राहिले.

अर्थात आपणही धुतल्या तांदळाचे नाही. गुळचट, पुळचट, मिळमिळीत हे आपलेच शब्द, आणि भाचीच्या कॉलेजात कुणी जरा मनातलं बोललं की "सेंटी मारू नको" तयारच असतं. उलट लीड्सकर 'सॉपी' बऱ्याचदा लाडानं म्हणतात, 'बिग सॉफ्टी' तर चक्क कौतुक. फक्त, भाचीबाई, "डोन्ट बी सॉफ्ट" ऐकलंस तर त्याचा उत्तर इंग्लंडातला अर्थ 'वेड्यासारखं करू नकोस' असा आहे, रागावू नकोस.

तिथं वाढदिवसाला, निरोपाला एक कार्ड फिरतं आणि प्रत्येक जण त्यात ओळभर लिहितो. तुझ्याकडं ते येईल तेव्हा बाकीच्यांचं बघून नुसतं 'बेस्ट विशेस' लिहू नकोस. जिच्यासाठी कार्ड आहे तिनं तुला पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला असेल तर ते लिही, जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिही. वाचून ती "यू सॉपी थिंग" म्हणाली, तर तिला ते फार आवडलं आहे.